पहिल्या फेरीचं चित्र

हळूकाकांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंनी एकदा घरमालकाला विचारलं, "वरची खोली रिकामीच पडलीय, तर माझ्या बहिणीला द्याल का?" काका त्या खोलीत तेव्हा अकरा वर्षं राहत होते. घरमालकाने ही गोष्ट हसत हसत काकांना सांगितली आणि काकांनी तशीच हसत हसत ती मला सांगितली. मला हसू आलं नाही. अकरा वर्षांत ज्याच्या हातून एक भांडं पडलं नाही, ज्याची खुर्ची सरकली नाही, ज्याच्याकडे कुणी गप्पा मारायला आलं नाही, त्या माणसाचं कसं चाललं असेल, असं मनात आलं. पण विचारलं नाही. माझं तोंड एरवी बंद राहत नाही, नेमकं नको तिथे बंद होतं.

गप्प राहायची सवय त्यांना कामाने लावली होती. आमच्या संशोधन संस्थेच्या तळघरात एक बिनखिडकीची खोली आहे. मधोमध हवेच्या उशांवर तोललेला दगडी ओटा, ओट्यावर काचेच्या पेटीत एक यंत्र, समोर एक स्टूल. त्या स्टुलावर काकांनी सत्तावीस वर्षं काढली. कुणी खोकलं, चप्पल फरशीवर आपटली, वर लिफ्ट थांबली, तरी यंत्रात उमटणाऱ्या चित्रावर ओरखडा पडायचा. म्हणून दार उघडलं की आतून एकच शब्द यायचा, "हळू." नवा विद्यार्थी असो की संचालक, सगळ्यांना तोच. त्यावरून ते हळूकाका झाले. रविवारी इमारत रिकामी असते, लिफ्ट बंद असते, म्हणून चांगली चित्रं रविवारी मिळतात. साहजिकच काकांचे सगळे रविवार तळघरात गेले.

आता काम काय ते सांगते. एका चकतीवर धातूचे दाणे रांगेने बसवलेले असतात. आकार तांदळाचा, पण इतके बारीक की केसाच्या जाडीत दोन-अडीचशे मावतील. प्रत्येक दाणा म्हणजे एक चुंबक. कुठल्या दाण्याचं तोंड वर आणि कुठल्याचं खाली, हे डोळ्यांना दिसायचं नाव नको. त्यासाठी एक सुई असते आणि तिचं टोकही चुंबकाचंच असतं. ती दाण्यांच्या अगदी जवळून ओळीओळीने वरून खाली जाते. दाणे तिला ओढतात, ढकलतात आणि त्या ओढाताणीतून पडद्यावर चित्र उमटतं, प्रत्येक दाण्याचं एक टोक उजळ, एक काळं. एका चित्राला चाळीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ काका मांडीवर हात ठेवून बसून राहायचे.

त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी आमच्यासारख्या कित्येकांकडून घोटून घेतला होता. पहिली फेरी तोंडओळखीची, दुसरी कामाची. पेटी बंद केल्यावर यंत्र आणि चकती एका उबेला यायला वेळ लागतो. तोवर चित्र तिरकं येतं, काही दाणे मधेच कापल्यासारखे दिसतात, वरचा अर्धा एक दिशा सांगतो, खालचा दुसरीच. म्हणून पहिलं चित्र पुसून टाकायचं आणि त्याच जागेवरून सुई पुन्हा फिरवायची. दुसरं चित्र कसं आरशासारखं स्वच्छ यायचं. नियम शहाणपणाचा होता आणि त्यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

एकवीस वर्षांपूर्वी काकांनी असंच एक दुसऱ्या फेरीचं चित्र काढलं. बारा ओळी, ओळीत बारा दाणे. हे दाणे आधी फिरत्या चुंबकात घुसळून काढलेले होते, म्हणजे कोणाचं तोंड कुठे याला काही धरबंध राहू नये. आणि चित्रात पाहावं तर एकशे चव्वेचाळीसच्या एकशे चव्वेचाळीस दाण्यांची उजळ टोकं एकाच बाजूला! तेव्हाचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे थोरले सर म्हणतात, ते आनंदाने वेडे व्हायचेच बाकी राहिले. इतक्या लहान दाण्यांत शेजारी शेजाऱ्याला आपल्यासारखं वळवून घेतो, असा सिद्धांत त्यांनी मांडला. लेख छापून आला, गाजला. दुसरीकडे दोन ठिकाणी तसं चित्र निघालं नाही, तर आमच्याकडचे म्हणाले, त्यांच्या चकत्याच भिकार.

त्या लेखावर सहा नावं होती आणि सहावं काकांचं. तंत्रज्ञाचं नाव लेखकांत घालायची आमच्याकडे रीत नाही. शेवटी बारीक टायपात आभार मानले की झालं. पण सर त्या दिवशी खुशीत होते. काकांचं नाव छापून आलं ते आयुष्यात तेवढं एकदाच. लोक त्या लेखाला 'थोरले सर आणि इतर' म्हणतात, तरी काकांना त्या 'इतर'मध्ये ऐसपैस वाटायचं. चित्राची एक मोठी प्रत आमच्या कॉरिडॉरमध्ये लागली आणि एक काकांच्या ताईकडे, दिवाणखान्यात. काकांनी लग्न केलं नाही, आई गेल्यावर जवळचं माणूस म्हणजे दुसऱ्या गावातली ही ताईच. आपला भाऊ नेमकं काय करतो हे तिला कधी कळलं नाही, पण आल्यागेल्याला ते चित्र दाखवून ती सांगायची, "हे आमच्या धाकट्याने काढलंय."

मी त्यांच्या वाट्याला आले ती कटकट म्हणून. माझ्या पीएचडीचा विषय होता त्या चित्राचं मॉडेल करणं. कॉम्प्युटरमध्ये तसेच दाणे मांडायचे, प्रत्येकावर शेजाऱ्यांची ओढ किती ते नियमाने द्यायचं आणि सगळे शांत झाल्यावर कसे वळतात ते पाहायचं. सोपं वाटलं होतं. पण माझे दाणे कसचे ऐकतात! आडवे शेजारी एकमेकांकडे पाठ फिरवायचे, एकाचं तोंड वर तर दुसऱ्याचं खाली, कुठे चार एकीकडे, कुठे सहा दुसरीकडे. चित्रासारखे सगळे एका दिशेला आणायचे तर शेजाऱ्याची ओढ आठपट खोटी वाढवावी लागत होती. वर्ष गेलं. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणायच्या, "मोजमाप खोटं बोलत नाही. तुझंच कुठेतरी चुकतंय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला स्वतःच्या बेरजेचीसुद्धा शंका यायला लागली होती.

शेवटचा उपाय म्हणून मी काकांकडे तशाच नव्या चकतीचं चित्र मागितलं. ते चित्र निघत होतं त्याच सकाळी मॅडमनी बोलावून सांगितलं, "विषय बदल. वर्ष गेलं ते गेलं." माझं डोकं फिरलं. मी तरातरा तळघरात उतरले, दाराबाहेरचा लाल दिवा पाहूनही न पाहिल्यासारखं केलं, दार ढकललं आणि सोडून दिलं. ते धाडकन आपटलं. यंत्रातली सुई चकतीत रुतली आणि मोडली.

"हळू," काका म्हणाले. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"चित्र द्या," मी म्हटलं. माफी मागायची अक्कल तेव्हा नव्हती.

"दुसरी फेरी अर्धीच झाली होती गं. पहिली आहे, पण ती पुसायचीय."

"पुसू नका. तीच द्या."

"तोंडओळखीची देत नसतात."

"काका, माझं अख्खं वर्ष बुडालं आणि तुम्हाला नियम सुचतायत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चित्र दिलं. नव्या सुया यायला तीन आठवडे लागणार होते, तोवर तेवढंच काय ते हातात होतं. मी वर येऊन दाणे मोजायला बसले. कापलेल्या दाण्यांचं वरचं टोक धरलं, खालचं सोडून दिलं. त्यामागे काही थोर विचार नव्हता, दोन्ही टोकं धरली तर गोंधळ होत होता. मोजलेल्या शंभर आडव्या जोड्यांपैकी त्रेसष्टांत दाणे एकमेकांकडे पाठ फिरवून होते. माझं मॉडेल, काहीही न वाढवता, चौसष्ट सांगत होतं.

मी तीनदा मोजलं आणि पुन्हा खाली गेले, या वेळी हळू. काकांनी ते चित्र पडद्यावर मोठं केलं आणि बराच वेळ पाहत बसले. मग विचारलं, "हे जे मधेच कापलेत, ते खालच्या अर्ध्यात कुठल्या बाजूला वळलेत?"

मी पाहिलं. सगळे एकाच बाजूला. कॉरिडॉरमधल्या चित्रातल्या बाजूलाच. काकांनी मान हलवली आणि यंत्रावर कापड टाकलं.

ते तीन आठवडे काकांनी माझ्याशी त्यावर एक अक्षर काढलं नाही. सुया आल्या त्या रविवारी मात्र मला बोलावलं. आम्ही दोघंच होतो. दाणे घुसळून काढले. पहिली फेरी, वरून खाली, धरबंध नाही, काही दाणे कापलेले. दुसरी फेरी, तीच जागा, सगळे एकाच बाजूला, अगदी त्या प्रसिद्ध चित्रासारखे. मग काकांनी जे सत्तावीस वर्षांत कुणी केलं नव्हतं ते केलं. सुई खालून वर नेली, दोनदा. दुसऱ्या वेळी सगळे दाणे उलटे झालेले दिसले. त्यानंतर त्यांनी सुई बदलली. ठळक चित्रासाठी ते नेहमी चुंबकाचा जाड थर दिलेली कडक सुई वापरायचे, आता पातळ थराची मवाळ सुई लावली. पुन्हा घुसळलेले दाणे, चित्र फिकट, पण दहा फेऱ्या झाल्या तरी एकही दाणा हलला नाही.

"शेजारीबिजारी कोणी कुणाला वळवत नाही," काका म्हणाले. "मीच वळवतोय, या सुईने. पहिल्या फेरीत वळवतो, दुसऱ्या फेरीत त्याचं चित्र काढतो."

मला उड्या मारायच्या होत्या. माझं वर्ष परत मिळालं होतं, माझी बेरीज बरोबर होती. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि उड्या आतल्या आत जिरल्या. चार महिन्यांनी ते निवृत्त होणार होते आणि निरोपाला विभाग त्यांना त्याच चित्राची चौकटीतली प्रत देणार होता, खाली सहा नावं कोरलेली. हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनाही, कारण चौकटीचं माप घ्यायला आलेला सुतार चुकून तळघरातच जाऊन विचारून आला होता.

मॅडमना सांगितलं. बाई तशी वाईट नाही. म्हणाल्या, "एकवीस वर्षं झाकलेलं आहे, आणखी चार महिने राहील. त्यांचा समारंभ होऊ दे, मग लिही. म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं ओढून काय घ्यायचं?" मला ते पटलं. खरं सांगायचं तर स्वतःला उदार समजण्याची ती संधी मला फार आवडली.

काकांना हे सांगायला गेले तर खोलीला कुलूप. दुसऱ्या दिवशीही. सत्तावीस वर्षांत न सांगता रजा नाही, म्हणून मी पत्ता काढून घरी गेले. काकांनी दार उघडलं, अंगात ताप, गळ्याभोवती मफलर. खुर्चीच्या पायांना रबराच्या टोप्या, कपाटाच्या दाराला आतून कापडाची पट्टी. टेबलावर दोन कप पालथे घातलेले होते. चहा करताना त्यांनी दुसरा कप उचलला आणि त्याच्या बुडाला चिकटलेला दुकानाचा कागद नखाने खरवडायला लागले. तो कप किती वर्षांचा होता ते मी विचारलं नाही.

तेवढ्यात ताईचा फोन आला. ती ओरडूनच बोलते, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, ते भिंतीवरचं चित्र काढून ठेव," काका म्हणाले.

"का रे? काय झालं?"

"ते चुकलंय."

"चुकलं तर चुकलं. दिसतं किती छान! आणि काढलं तर भिंतीवर चौकोन दिसेल, त्याचं काय करू?"

"रंग लाव."

"एका चित्रासाठी मी अख्खी भिंत रंगवू? तू औषध घेतलंस का? जवळ कुणी आहे का?"

"आहे. ऑफिसातली मुलगी आलीय."

मग ताई एकदम मऊ आवाजात म्हणाली, "तिला जेवून जायला सांग हं."

मी मॅडमचा निरोप सांगितला. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चार महिन्यांत आणखी पाच पोरं त्या चित्रावर वर्षं घालवतील. तुझं एक गेलं तेवढं पुरे." मग कप खाली ठेवत, "चौकट भिंतीला लावून मी रोज काय बघू? स्वतःची खोडी?" मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्यात तशी रीत नव्हती, म्हणून मी कप विसळून ठेवले.

छापलेल्या लेखाची दुरुस्ती करायची तर पहिल्या लेखकाची संमती लागते. काकांनी थोरल्या सरांना पत्र लिहायला घेतलं. मी म्हटलं, मी लिहिते. नाही म्हणाले. आठ दिवस लिहीत होते. मला दाखवलं तेव्हा दोन पानांचा नीटस अहवाल होता. सुई अशी फिरवली, दाणे असे वळले, सोबत चित्रं जोडली आहेत. त्यात 'मी' हा शब्द एकदाही नव्हता. खाली सही आणि नाव. उरलेल्या चौघांच्या पत्त्यांवरही प्रती गेल्या. त्यातले एक वारले होते, एकांनी क्षेत्र सोडलं होतं, दोघांनी पोचही दिली नाही.

काका रोज दुपारी एकदा वर येऊन माझ्या कॉम्प्युटरवर उत्तर आलं का ते विचारायचे. त्यांना ईमेलची सवय नव्हती, म्हणून उत्तरासाठी पत्ता माझा दिला होता. विचारायचं एकच, पण उभे राहायचे पाच मिनिटं. एकदा म्हणाले, "सर रागावतील. त्यांनी विश्वासाने नाव घातलं होतं." तेव्हा मला कळलं की त्यांना चित्र गेल्याचं दुःख नव्हतं. त्या माणसाच्या नजरेतून आपण उतरू, ही भीती होती. सगळ्या जगात एका माणसाने कधीतरी त्यांची दखल घेतली होती आणि आता त्यालाच सांगायचं होतं की तुम्ही चुकलात, माझ्यामुळे.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. काका माझ्या मागे उभे होते. मी मोठ्याने वाचलं. सर रागावले नव्हते. निष्कर्ष त्यांना मान्य होता, दुरुस्ती जरूर छापा असं लिहिलं होतं, इतक्या काटेकोर कामाबद्दल अभिनंदनही केलं होतं. काकांनी खुर्चीची पाठ धरली. मग शेवटचा परिच्छेद आला आणि मी वाचता वाचता थांबले.

"वाच ना," काका म्हणाले.

सरांनी लिहिलं होतं, 'आपली ओळख नाही, पण आपण तरुण मंडळी विभागाचं नाव राखता आहात याचा आनंद आहे. एक सुचवतो. त्या काळी यंत्रावर आमचा एक तंत्रज्ञ असे, फार अबोल माणूस, नाव आता आठवत नाही. तो हयात असेल तर त्याला विचारा. त्याने कदाचित पहिल्या फेरीची जुनी चित्रं ठेवली असतील.'

काकांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, परत लावला आणि तो परिच्छेद स्वतः वाचला.

"त्यांचीही चूक नाही," ते म्हणाले. "मी बोलायचोच कुठे?"

"काका, मी लिहिते त्यांना. सही बघा म्हणावं नीट! सहावं नाव कोणाचं आहे ते बघा म्हणावं!"

"ऐंशीच्या घरातल्या माणसाला कशाला लाजवायचं? लिही. मी सांगतो." त्यांनी स्टूल ओढलं, आवाज न करता, आणि माझ्या शेजारी बसले. "लिही. पत्राबद्दल आभार. आपण म्हणता त्या तंत्रज्ञाला विचारलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"लिही गं. पहिल्या फेरीची चित्रं त्याने ठेवलेली नाहीत. चूक त्याला मान्य आहे."

मी लिहिलं. "आणखी काही?"

त्यांनी थोडा विचार केला. "त्याने आपल्याला नमस्कार सांगितला आहे, असं लिही."

मी तेही लिहिलं, बटण दाबलं आणि मग मला काही दिसेना. हुंदका आवरायचा प्रयत्न केला, जमला नाही, मी अशी मोठ्याने रडले की पलीकडच्या खोलीतलं कुणीतरी दारात डोकावून गेलं. काका गडबडून उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवावा की नाही ते त्यांना ठरवता येईना, हात तसाच वर राहिला.

"अगं, तुझंच बरोबर निघालं ना?" ते म्हणाले. "मग रडतेस कशाला?"